आम्ही नाही का सहन केलं?

गेल्या रविवारी आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या ग्रुपवर वाद पेटला. आमच्यातला एक मित्र सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवतो. त्याने साधी गोष्ट सुचवली होती. इंटर्नशिप सुरू होण्याआधी मुलांसाठी दोन तासांचं एक सत्र घ्यायचं. पेशंट, नातेवाईक किंवा सीनियर जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून, मुलगी आहे म्हणून लागेल असं बोलले, तर तिथल्या तिथे काय करायचं, याचा सराव त्यात असेल. अर्ध्या तासात चाळीस मेसेज आले. त्यातला एक अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ‘आम्ही नाही का सहन केलं? त्यातूनच घडलो. एवढं मनाला लागत असेल तर डॉक्टर व्हायचंच कशाला?’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी काही लिहायच्या आतच एकीने लिहून टाकलं, ‘आता इंग्लंडहून प्रवचन येईल.’

प्रवचन म्हणा हवं तर. पण गेल्याच महिन्यात इथे इंग्लंडमध्ये माझ्या वॉर्डात जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सकाळचा राउंड सुरू होता. सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे आजोबा, नाकाला ऑक्सिजन, शुद्ध अगदी लख्ख. मी नाव सांगितलं, स्टेथोस्कोप पुढे केला, तशी त्यांनी मान वळवली. ‘खरा डॉक्टर कधी येणार?’ हे मी चौदा वर्षं ऐकत आले आहे. ऐकलं न ऐकलं करून छाती तपासायची, हीच माझी सवय. पलंगाच्या पायथ्याशी शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी होती. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी तिने मुठीत घट्ट धरली होती. ती म्हणाली, ‘याच आमच्या कन्सल्टंट आहेत. तुमच्या उपचारांचा निर्णय त्याच घेतात. तुम्ही असं का विचारलंत?’ आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं. आजोबा गप्प झाले, मग शर्टाची बटणं सोडू लागले. बाहेर कॉरिडॉरमध्ये तिने मला विचारलं, ‘तुम्ही ठीक आहात ना?’ इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी फाइल उघडून उगाच त्यात बघत राहिले.

ही हिंमत ती घरून घेऊन आली नव्हती. तिच्याकडून ते घटवून घेतलं होतं. इथे नट पेशंट होऊन बसतात आणि मुलं त्यांच्यासमोर चुकत चुकत शिकतात. पेशंट भ्रमात आहे का, हे आधी बघायचं. रक्तातलं सोडियम घसरलेला, ताप चढलेला किंवा डिमेन्शिया झालेला माणूस काही बोलला, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. जिवावर बेतलं असेल तर उपचार आधी, बाकी सगळं नंतर. शुद्धीतला माणूस बोलला, तर शांतपणे विचारायचं, ‘म्हणजे कसं?’ असं विचारलं की बोलणाऱ्याला स्वतःचं वाक्य पुन्हा ऐकावं लागतं. हरकत वाक्याला घ्यायची, माणसाला नावं ठेवायची नाहीत. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की ज्याला लागलं त्यानेच तोंड उघडायचं असं नाही. शेजारी जो उभा आहे त्याने बोलायचं, निदान नंतर जवळ जाऊन विचारपूस तरी करायची. 30 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या नियामक संस्थेच्या, ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ या नियमावलीतही हे आलं आहे. छळ किंवा भेदभाव डोळ्यांसमोर घडत असेल तर डॉक्टरने काहीतरी करावं, अशी तिथे अपेक्षा आहे. आणि एप्रिल 2020 पासून तर वर्णद्वेषी शेरेबाजी करणाऱ्या पेशंटला, तातडीचे उपचार सोडून, बाकीचे उपचार नाकारण्याची मुभाही एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयांना आहे.

ग्रुपवर यावर ठरलेलं उत्तर आलं, ‘तुमच्याकडे वेळ असतो, आमच्याकडे ओपीडीत रांग दाराबाहेर जाते.’ त्या मुलीच्या तीन वाक्यांना दहा सेकंदही लागले नव्हते. कुणी म्हणालं, हे सोशल मीडियाचं फॅड आहे. मायक्रोअ‍ॅग्रेशन हा, म्हणजे बरेचदा नकळत केलेल्या पण समोरच्याला लागणाऱ्या अपमानासाठीचा, शब्द एका डॉक्टरानेच घडवला, हार्वर्डचे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी, 1970 मध्ये. आम्हा कुणाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. ‘मग टोमणा म्हणा की सरळ’, असंही एकाने सुचवलं. पण टोमणा मारणाऱ्याला आपण टोमणा मारतोय हे ठाऊक असतं. इथे बरेचदा बोलणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून तर कुणीतरी ते दाखवून द्यावं लागतं. लेडी डॉक्टरला ‘सिस्टर, मोठे डॉक्टर कुठे आहेत?’ असं विचारणारा नातेवाईक काही दुष्ट नसतो.

आपल्याकडे याची गरज नाही, असं म्हणायला जीभ रेटते कशी? मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जातीवरून टोचून बोलून छळ होत होता असा आरोप कुटुंबाने केला आणि तीन सीनियर डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आलं, म्हणजे वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचं शिक्षण. पेशंटशी कसं बोलावं, संमती कशी घ्यावी, हे आता पहिल्या वर्षापासून शिकवतात. त्याच तासांमध्ये हे दोन तास बसवता येतील. मित्र तेवढंच तर मागतोय.

‘आम्ही सहन केलं.’ या वाक्यातलं ‘आम्ही’ कोण, यावर मी आठवडाभर अडकले आहे.

कॅज्युअल्टीच्या पायऱ्यांवर पहाटे चौघं बसायचो. अंगाला स्पिरिटचा वास, पाय सुजलेले, आणि तरी हसून हसून पोट दुखायचं. ती पहाट मला इथे कधी मिळाली नाही. इथले सहकारी चांगले आहेत, पण शिफ्ट संपली की जो तो आपल्या गाडीकडे जातो. आजही कुणी विचारलं की तुझी माणसं कोण, तर मला त्या पायऱ्या आठवतात. माझ्या रोल नंबरच्या पुढचा मुलगा मात्र त्या पायऱ्यांवर कधी बसला नाही. पोस्टिंग एकच होतं, रात्रीही त्याच.

पहिल्या आठवड्यात त्याला सगळे एकच प्रश्न विचारत होते, ‘रँक किती?’ त्याने आकडा सांगितला की ‘अच्छा’ म्हणून पुढचं बोलणं थांबायचं. प्रश्न रँकचा नव्हता, हे आम्हालाही माहीत होतं आणि त्यालाही. एकदा व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी त्याचं आडनाव दोनदा उच्चारलं आणि म्हणाले, ‘तुम्हाला काय, पास व्हायचं तेवढंच ना?’ आम्ही मागे उभे होतो. मीही हसले. त्याने मान वर केली नाही, हातातलं हाड टेबलावर नीट ठेवलं आणि बाहेर गेला. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की आपला नंबर अजून यायचा आहे, सरांचा मूड चांगला राहू दे.

इथे आले आणि ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ हे ऐकून रात्र रात्र धुमसत राहिले. तेव्हा मात्र तो मुलगा मला एकदाही आठवला नाही. तो आठवला रविवारी, तो मेसेज वाचताना. मी ग्रुपची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. तो त्यात नाही. त्याला कुणी कधी घेतलंच नसावं. मला त्याचा नंबरही ठाऊक नाही.

मित्राने सत्राची तारीख ठरवली आहे. सरावासाठी खरे घडलेले तीन प्रसंग दे, म्हणाला. दोन लगेच लिहून पाठवले, ऑक्सिजनवरच्या आजोबांचा आणि ‘सिस्टर’वाला. तिसरा व्हायव्हाचा लिहिला. नावं, विषय, सगळं काढून टाकलं. त्याने विचारलं, ‘मागे उभी राहून हसणारी कोण दाखवू? हे काम करायला मुलं तयार होत नाहीत.’

मी लिहिलं, ‘व्हिडिओवर मला घे. ते मी करते.’