मेम_स्लीप आधी वाचा, मग उचलेगिरी म्हणा

नमस्कार,

झोपेतून नीट न उठणाऱ्या लिनक्स लॅपटॉपवरच्या ‘झाकण उघडलं, पडदा काळाच’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुम्ही ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप, म्हणजे ‘खोल झोप निवड’, असं टाकलंत आणि ‘काडीचाही फरक पडला नाही’. पंखा फिरतो, पडदा उजळत नाही. ‘एनव्हिडियाचं कार्ड आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.’ लेख लांबलचक आहे, आज्ञा देवनागरीत का लिहिता, ‘इंग्रजीतून उचलायचं आणि स्वतः करून बघायचं नाही, हा मराठी ब्लॉगवाल्यांचा धंदा’, आणि शेवटी, यापेक्षा विंडोज बरं.

धंदा म्हणालात, तर या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही. २००८ पासून रोजच्या कामाला लिनक्स वापरतो आणि लोकांची मशीनं दुरुस्त करून देतो, तेही फुकट. ‘उचललं’ म्हणताना निदान कुठून उचललं ते तरी सांगायचं होतंत.

एक चूक मात्र माझी, ती कबूल करतो. ग्रबची फाइल बदलल्यावर सुडो अपडेट-ग्रब (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवावं लागतं, ही ओळ लेखात राहून गेली होती. फेडोरावर ते काम ग्रबी करतं, तेही लिहिलं नव्हतं. काल दोन्ही घातलं. किरकोळ गोष्ट आहे, पण राहिली हे खरं. बदल लागला की नाही हे पाहायला टर्मिनलवर कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन करा (कॅट म्हणजे फाइल दाखव). त्यात तो शब्द दिसत नसेल तर तो कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोचलेलाच नाही.

आता ‘काडीचाही फरक पडला नाही’ याकडे वळू. हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडावर फेकलंत, पण निदानाच्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत तेवढंच कामाचं आहे. फरक का पडला नाही, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलात का? कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप करा. उत्तर तीनपैकी एक येईल. (डीप आणि एस२आयडल हे झोपेचे दोन प्रकार, फरक पुढे सांगतो.) ‘एस२आयडल [डीप]’ आलं तर डीप चालू आहे, चौकटी कंसातला शब्द म्हणजे सध्याची निवड. ‘[एस२आयडल] डीप’ आलं तर डीप उपलब्ध आहे, पण निवडलेलं नाही. आणि नुसतंच ‘[एस२आयडल]’ आलं तर तुमच्या फर्मवेअरने (बायोसने) डीप दिलेलंच नाही, मग ग्रबमध्ये शंभर वेळा लिहा. दुकानात नसलेला माल यादीत लिहून मिळत नाही. खात्रीसाठी डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘सपोर्ट्स’ असलेली एसीपीआयची, म्हणजे वीज-व्यवस्थापनाची, ओळ शोधा. तिथे एस० एस४ एस५ दिसलं आणि एस३ (डीपचंच दुसरं नाव) गायब असलं, तर विषय संपला.

हे माझ्या लेखात होतं का? चौथ्या परिच्छेदात होतं. पहिल्यात हवं होतं असं म्हणालात तर ऐकून घेईन. तसं तुम्ही म्हणाला नाहीत.

एस३, म्हणजे डीप, यात प्रोसेसर बंद होतो, वीज फक्त रॅमला मिळत राहते आणि उठताना आधी फर्मवेअर जागं होऊन ताबा कर्नलकडे देतं. एस२आयडलमध्ये फर्मवेअर मध्ये पडत नाही. कर्नल स्वतःच प्रोसेसरला सगळ्यात खोल निष्क्रिय अवस्थेत ठेवतो आणि एकेका उपकरणाला कमी विजेवर नेतो. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं, पुढे विंडोज १० ने त्याचं ‘मॉडर्न स्टँडबाय’ केलं, आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांनी हळूहळू एस३ काढून टाकायला सुरुवात केली. ‘विंडोज बरं’ म्हणताना हेही लक्षात असू द्या. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये झोपेच्या प्रकारासाठी ‘लिनक्स’ आणि ‘विंडोज १०’ असे दोन पर्याय असतात. तुमच्यात असला तर तिथेच बदला, ग्रबला हात लावायची गरज नाही.

आणि उलटही घडतं. फर्मवेअर एस३ देतं, पण सदोष. अशा मशीनवर डीप हाच रोग असतो आणि एस२आयडल औषध. रीबूट न करता तपासता येतं: एको एस२आयडल, पाइप, सुडो टी /सिस/पॉवर/मेम_स्लीप. सुडो एकोच्या पुढे ‘पेक्षा मोठं’ चिन्ह लावून फाइलीत लिहायला जाऊ नका, ‘परवानगी नाही’ येईल. फाइल उघडण्याचं काम तुमचा शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणारा प्रोग्राम) करतो, आणि त्याला सुडो लागलेलं नसतं.

पण मुळात पडदा काळा म्हणजे मशीन उठलंच नाही, हे कुणी ठरवलं? कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? फोनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) आत शिरता येतं का? (सर्व्हर आधीच चालू करून ठेवा, काळ्या पडद्यासमोर बसून तो बसवता येत नाही.) आत शिरलात तर कर्नल ठणठणीत जागा आहे, झोपलंय ते फक्त ग्राफिक्स. मग डीप आणि एस२आयडल हा वाद म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

आणि इथेच तुमचं ‘त्याचा संबंध नाही’ आडवं येतं, साहेब. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर झोपताना कार्डाच्या मेमरीतलं सगळं जपून ठेवतोच असं नाही. जे जपलं नाही ते उठल्यावर गेलेलं असतं, म्हणून पडदा काळा, नाहीतर रंगांचा चिखल. उपाय असा: /ईटीसी/मॉडप्रोब.डी मधल्या फाइलीत ऑप्शन्स एनव्हिडिया एनव्हीरेग_प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीअॅलोकेशन्स=१, आणि सिस्टमसीटीएलने एनव्हिडिया-सस्पेंड, एनव्हिडिया-रिझ्यूम, एनव्हिडिया-हायबरनेट या तिन्ही सेवा एनेबल. एक जरी राहिली तर गाडी अडते. मग इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) नव्याने बनवा, रीबूट करा आणि /प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/पॅराम्स मध्ये तो आकडा १ दिसतो का पाहा.

यातला खरा खड्डा वेगळाच आहे. जपायची मेमरी ड्रायव्हर /टीएमपी मध्ये लिहितो. फेडोरा, आर्च आणि डेबियन १३ वर /टीएमपी रॅममध्येच असतं, बहुधा रॅमच्या निम्मं. ८ जीबी रॅमच्या मशीनवर ते ४ जीबी. कार्ड ६ जीबीचं आणि भरलेलं असेल तर ते मावणार कुठे? म्हणून त्याच फाइलीत एनव्हीरेग_टेम्पररीफाइलपाथ=/व्हार/टीएमपी लिहा, आणि डिस्कवर कार्डाच्या मेमरीपेक्षा थोडी जास्त जागा मोकळी ठेवा. हे मी कुठून ‘उचललं’ ते तुम्हीच शोधा.

कॅप्स लॉक मेलेलं असेल आणि एसएसएचही नाही, तर गोष्ट निराळी. जर्नलसीटीएल -बी -१ -के पाहा, म्हणजे आधीच्या बूटची नोंद. शेवटची ओळ ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ असेल तर लोक लगेच ठरवतात की मशीन झोपताना अडकलं. तसं नसतं. झोपताना डिस्कही थांबते, त्यामुळे उठताना कोसळलं तरी नोंद तिथेच तुटते. अशा वेळी पीएम_टेस्ट, म्हणजे झोपेची एकेक पायरी तपासायची सोय, वापरा. /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट मध्ये आधी फ्रीझर, मग डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर, असं एकेक लिहा आणि दर वेळी /सिस/पॉवर/स्टेट मध्ये मेम लिहा. मशीन त्या पायरीपर्यंत जातं, पाच सेकंद थांबतं आणि परत येतं. (शेवटच्या दोन पायऱ्या डीपसाठी आहेत.) डिव्हायसेसला अडकलं तर कुठला तरी ड्रायव्हर दोषी, बहुतेक वेळा वायफाय किंवा ग्राफिक्स. मॉडप्रोब -आर ने वायफायचं मॉड्यूल काढून तीच चाचणी पुन्हा करा. सगळ्या पायऱ्या पार झाल्या आणि खऱ्या झोपेतूनच उठत नाही, तर संशय फर्मवेअरवर. तेव्हा बायोस अद्ययावत करा, आज्ञा एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट.

दर वेळी झाकण उघड-मीट करू नका. सुडो आरटीसीवेक -एम मेम -एस ३० केलं की मशीन झोपतं आणि तीस सेकंदांनी घड्याळच त्याला उठवतं. वीस वेळा झोपवून पाहायचं तर बिजागरी तरी वाचेल.

लेख लांब आहे, हो. आज्ञा देवनागरीत का, तर हा ब्लॉग देवनागरीत आहे म्हणून. टर्मिनलवर रोमनमध्ये टाइप करा, तेवढं तुम्हाला जमत असावं. विंडोजबद्दल मला काही म्हणायचं नाही, वापरा.

पुढच्या वेळी शिव्या द्यायच्या तर द्या, पण सोबत लॅपटॉपचं मॉडेल, यूनेम -आर चं उत्तर (कर्नलची आवृत्ती), मेम_स्लीपची ओळ आणि कॅप्स लॉकचं काय झालं एवढं लिहा. यातलं एकही तुमच्या प्रतिक्रियेत नव्हतं. आणि चाचण्या संपल्यावर पीएम_टेस्ट मध्ये नन लिहायला विसरू नका, नाहीतर ‘लॅपटॉप पाच सेकंदांत आपोआप जागा होतो’ ही तक्रार घेऊन परत याल.