धरण फुटण्याआधीच हिशेब मांडा

गोव्यातल्या साळ गावच्या आमच्या घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणाऱ्या पुतण्याने प्रोजेक्टला विषय घेतला: तिळारी धरण फुटलंच, तर खालच्या गावांचं नुकसान किती होईल, याचा मशीन लर्निंगने, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवून, अंदाज. मोठी मंडळी त्याच्यावर तुटून पडली. ‘अभद्र बोलू नये’, ‘जमिनीचे भाव पडतील’, ‘आधी रस्ते करा म्हणावं’. मी पोराची बाजू घेतली, तर दादाने सुनावलं, ‘पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला गेलास, तुला इथल्या धरणाचं काय पडलंय?’

लागलं मला. पण आधी मुद्द्याचं बोलतो.

इथे इंग्लंडमध्ये घर बघताना पोस्टकोड टाकला की नदीच्या पुराबरोबर जलाशयाच्या पाण्याचा धोकाही दिसतो. सगळे बघतात, अभद्र कुणी म्हणत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये इथल्या व्हेली ब्रिज गावाच्या वरच्या टॉडब्रूक जलाशयाचा सांडवा खचला आणि सुमारे दीड हजार लोकांना घराबाहेर काढलं. धरण टिकलं. टिकलं म्हणून लोकांना उगाच हलवलं, असं मला तरी कुणी म्हटलेलं आठवत नाही. त्याच महिन्यात अतिवृष्टी आणि तिळारीतून सोडलेलं पाणी मिळून साळ, इब्रामपूर, हणखणे भागात पूर आला. तिळारी तर फुटलंही नव्हतं!

फुटल्यावर काय होतं, हे आपल्या माणसांना इंग्लंडने शिकवायला नको. पानशेत, 12 जुलै 1961. तिवरे, 2 जुलै 2019, तेही रात्री. दिवसा की रात्री, इशारा किती आधी मिळाला, यावर किती माणसं वाचतात हे ठरतं. धरणाचं पाणी नुसतं चढत नाही, धडकतं. म्हणून खोलीबरोबर वेगही धरावा लागतो. पूर्ण सिम्युलेशनला, म्हणजे पाणी कसं पसरेल याची संगणकावर नक्कल करायला, तासन् तास लागतात. तेच अनेकदा चालवून त्यावर मॉडेल शिकवलं, तर नवा प्रसंग झटपट तपासता येतो. पोरगा हेच करतोय.

त्याची खरी अडचण पुढे आहे. पाणी कुठवर येईल हे कळलं, तरी नुकसानीचा आकडा कशावरून काढणार? जर्मनीत 2002 च्या एल्ब नदीच्या पुरानंतर पूरग्रस्तांना फोन करून माहिती गोळा केली आणि त्यावर मॉडेलं शिकवली. पण ते जर्मन घरांचं नुकसान. आमच्या कुळागराचं, म्हणजे पोफळी-मिरीच्या बागेचं काय? 2019 ला तलाठ्याने पंचनाम्यात भिजलेलं भात, पंप, गोठ्याची पडलेली भिंत लिहिली. मिरवेली तेव्हा हिरव्यागार होत्या, त्यामुळे त्या कागदावर आल्याच नाहीत. मुळं कुजून त्या पिवळ्या पडल्या नंतर, आणि दादाचं मिऱ्याचं उत्पन्न गेलं. दादाने ग्रुपवर भांडण्याऐवजी पोराला हे सांगावं. संगणकाला मिरवेल आपणहून कळणार नाही.

धरण सुरक्षा कायदा 2021 चा आहे. जुन्या धरणांसाठीही आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत करायचा, असं त्यात लिहिलंय. तिळारी दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात. प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही राज्यांचा, आणि खाली आपण. तो आराखडा मराठीत, कोंकणीत पंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. हे मागायला मला कुठल्या पासपोर्टची परवानगी लागते?

परवा पुतण्याने विचारलं, ‘काका, आपल्या जुन्या घरात माणसं किती धरू?’ एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, माझं नाव आहे. घराला कुलूप आहे. ‘शून्य’ असं टाइप केलं आणि बराच वेळ पाठवता येईना. दादाच्या बोलण्याला इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग सुचलं ते हिशेबाचंच होतं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते भर पावसात, धरणं तुडुंब असताना. त्या दिवसांत मुंबई-पुण्याचे, आखातातले, आम्ही इथले, सगळे गावात असतो. जनगणनेचा आकडा धरला, तर नेमक्या धोक्याच्या आठवड्यात निम्मी घरं रिकामी दिसतील. मी त्याला लिहिलं, एरवी शून्य धर, पण चवथीचा हिशेब वेगळा चालव, आणि त्यात मला, तुझ्या काकीला आणि दोन्ही मुलांना धर.