अंगणात लागलेली बस

जुनी बस घरी दुरुस्तीला आणली की पहिली अडचण गंजाची नसते, जागेची असते. बस साधारण ३० फूट लांब, ८ फूट रुंद, टपासकट १० फूट उंच. नागपूरच्या ले-आउटमधला बेताचा प्लॉट ३० बाय ५०. बस आडवी लावली की दोन्ही कंपाउंडांना टेकते आणि घरात शिरायला बसमधूनच जावं लागतं. पाहुणे प्रवाशांच्या दाराने चढतात, ड्रायव्हरच्या दाराने उतरतात. तिकीट मागू नये.

हौशी माणूस आधी लाल रंगाचा डबा आणतो. माझ्या मते तो डबा निदान वर्षभर कुलपात ठेवावा. बस खालून वर दुरुस्त होते.

खाली म्हणजे आपली काळी माती. मे महिन्यात तिच्या भेगांत पाना पडला की गेलाच, आणि मृगाच्या सरी आल्या की तिचं पुरण होतं. २० टनी जॅक लावून दांडा मारत राहिलं तर बस वर जात नाही, जॅक खाली जातो. दांडा मारणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून जॅकखाली लाकडी स्लीपरचे दोन थर, एकावर एक आडवेउभे. बस उचलली की चेसी, म्हणजे बसचा खालचा लोखंडी सांगाडासुद्धा स्लीपरवरच टेकवायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरायचं नाही, इथे विनोद बंद. मग गवंड्याची पाण्याची नळी फिरवून चारही कोपरे समपातळीत आणायचे. एक कोपरा इंचभर खचला की चेसी पिळते. तशा पिळलेल्या बसला बेतून बसवलेलं दार, चाकं जमिनीला लागली की मिटत नाही. सुताराला बोल लावू नये.

चाकांचं थोडक्यात. कित्येक जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. चार फुटी पाइप पान्यात घालून दोघे लोंबकळतात, घाम गाळतात आणि नट आणखी घट्ट करतात.

आता इंजिन. ग्रिलवर मर्सिडीजचा तारा असेल तर गाडी टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजच्या करारातली, म्हणजे १९५४ ते १९६९ च्या दरम्यानची. जाम इंजिनाला स्टार्टर मारू नये, पिस्टनच्या रिंगा तुटतात. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल ओतायचं, चार-पाच दिवस थांबायचं, मग क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने पुढेमागे हलवायचा. फिरला की खरा छळ सुरू होतो: एअर काढणे, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा बाहेर काढणे.

डिझेल फिल्टरवरचा एअर-स्क्रू अर्धा फेरा सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग हेच नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या मायको पंपावर, शेवटी नोझलच्या पाइपांवर. इंजिन धडधडतं, गल्ली टाळ्या वाजवते आणि दहा मिनिटांत ते बंद पडतं. सगळे गळती शोधतात. गळती दिसत नाही. दिसणार कशी? टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल खेचणारा) हा भाग ओढणारा आहे. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जागा कोरडी ठणठणीत. गुन्हेगार बहुधा नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर. दाबून दाबून तो कडक झालेला असतो. शेगडीवर चिमट्यात धरून लाल करायचा, पाण्यात टाकायचा. पुन्हा मऊ होतो. चिमटा मात्र धुवून ठेवावा. पोळीला डिझेलचा वास आला तर बसमध्ये राहायची वेळ येते.

बॉडीत ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी अँगलला थेट टेकला आणि ओल शिरली की पत्र्याचं पांढरं पीठ होतं. मध्ये प्रायमर आणि रबराची पट्टी हवीच. अँगलला रेड ऑक्साइड चालतं. ॲल्युमिनियमवर ते धरत नाही, त्याला पत्र्याला किंचित खाऊन धरणारा 'एच' (etch) प्रायमर लागतो.

मग एकदाचा रंग. ४५ अंशांत थिनर पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा उडतो, थेंब पसरत नाही आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. या दोषाला पेंटर 'ऑरेंज पील' म्हणतात. संत्रानगरीत दुसरं काय होणार! उपाय स्लो थिनर आणि पहाटे पाचचा मुहूर्त. पहाटे पाचला कॉम्प्रेसर सुरू झाला की शेजारी पोळ्याची वाट बघतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पीडा घालवायला नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवतात तेव्हा, बसकडे तोंड करून 'घेऊन जा गे मारबत' ओरडता येतं. पावसाळ्यात दमटपणामुळे रंगावर पांढुरकी झाक येते. उरले दिवाळी ते शिमगा.

कागदांचं म्हणाल, तर २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमात पन्नाशी ओलांडलेल्या दुचाकी आणि मोटारी आहेत. बस त्यात बसत नाही. सहा चाकांची म्हातारी कायद्याने तरुणच.

शेजारच्या काकू रोज विचारतात, "काय जी भाऊ, कधी लागून राहिली तुमची गाडी?" आणि उत्तराची वाट न पाहता शिडीने टपावर चढून कुरडया घालतात. तापल्या पत्र्यावर त्या एका दिवसात कडकडीत वाळतात. फक्त रिव्हेटांच्या रांगेवर घालू नयेत. तिथलं सीलंट अजून ओलं आहे.