‘एसी ऑफिसा’तून उत्तर

कोकणपुत्र यांस, नमस्कार.

चिरेखाणीवरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवरच्या, अपघातांची नुकसानभरपाई कशी मागायची यावर मी गेल्या पंधरवड्यात लिहिलं, त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी दिलेला पगाराच्या मर्यादेचा आकडा जुना आहे. खाणीवर हजेरीपट नसतो, मग कामगाराने पुरावा कुठून आणायचा? केस चार-पाच वर्षं चालते, तोवर त्याने खायचं काय? लहान मालक कर्ज काढून मशीन घेतो, एका दाव्यात तो आडवा होईल. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: "आमच्याकडे मालक दवाखान्याचा खर्च करतो, घरी तांदूळ पोचवतो. खेड्यात माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. एसी ऑफिसात बसून कायदा शिकवणाऱ्यांना हे कळायचं नाही. गरिबांची डोकी फिरवू नका."

आधी माझी चूक. भरपाईच्या हिशेबात धरायची पगाराची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून महिना १५,००० रुपये झाली, ८,००० नव्हे. म्हणजे एखाद्याला १८,००० मिळत असले तरी हिशेब १५,००० धरून होतो. ८,००० हा ३१ मे २०१० चा आकडा. तो माझ्या डोक्यात का घट्ट बसलाय ते पुढे येईलच. लेखात दुरुस्ती केली आहे, आभारी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा जाऊन त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, आणि घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही तिच्यात काही अटींवर धरला जातो, हे मी त्याच लेखात लिहिलं होतं. ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं. चुकाच शोधायला बसलं की असं होतं.

आता ‘एसी ऑफिस’. माझं ऑफिस म्हणजे तहसील कचेरीच्या रस्त्यावरचा आठ बाय दहाचा गाळा. एक झेरॉक्स मशीन, एक जुना कॉम्प्युटर, दाखल्यांचे फॉर्म आणि एक टेबलफॅन. झेरॉक्स चालू केलं की पंखा बंद करावा लागतो, नाहीतर एमसीबी पडतो. मे महिन्यात एकदा दुपारी येऊन बसा म्हणजे एसी कसा लागतो ते कळेल. तुमचा मुद्दा काय होता त्यापेक्षा तुम्ही मला न विचारता, न ओळखता शहरातला ठरवून टाकलंत याचं जास्त वाटलं. आणि टोपणनाव घेतलंत ‘कोकणपुत्र’. मग आम्ही बाकीचे कोण, पाहुणे?

तरी हेही मी सोडून दिलं असतं. पण ‘सांभाळून घेतात’ हा शब्द मला सोडता येत नाही, कारण मला सांभाळून घेतलेलं आहे.

मार्च २०१२. मी ३४ वर्षांचा, आमच्याच पंचक्रोशीतल्या एका चिरेखाणीवर चिरे कापायच्या मशीनवर. मालकाचं नाव लिहीत नाही, तो माणूस अजून समोरून जातो-येतो. मजुरी नगावर, सरासरी काढली तर महिना ७,५०० पडायचे. पात्यावरची जाळी काढून शेडमागे टाकलेली. ती मी काढली नव्हती. जाळी असली की लाल गाळ अडकतो, दिवसाचे चिरे कमी निघतात, म्हणून हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात ती गेली. मी अडकलेला तुकडा काढायला गेलो आणि डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट पहिल्या पेरातून गेलं. दुखलं नाही लगेच. मी मातीत बोटाचा तुकडा शोधत होतो आणि माती एवढी लाल की काही दिसेना, हे आठवतं.

मालकाने स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. हे तुमच्या बाजूने लिहून ठेवा. केसपेपर काढताना सिस्टरने विचारलं, कसं लागलं? मी तोंड उघडायच्या आत मालकाने सांगितलं, "घराकडे लाकडां फोडताना लागला." सिस्टरने तेच लिहिलं. मी बघत राहिलो. बाहेर बाकावर मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी आसंय मां. काय ता बघूया." त्या एका ओळीने माझं दीड वर्षं खाल्लं, कारण पुढे कोर्टात समोरच्या वकिलाने सगळ्यात आधी तोच केसपेपर काढला. लाकडं फोडताना लागलं असेल तर खाणीचा काय संबंध?

म्हणून माझ्या दुकानात कुणी पट्टी बांधलेला हात घेऊन आला की मी पहिला प्रश्न जखमेचा विचारत नाही. केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचून घेतो. ‘कामावर, मशीनवर’ हे दोन शब्द तिथे असणं पुढच्या दहा साक्षीदारांपेक्षा भारी पडतं. माझ्या लेखातला हा भाग तुम्ही वाचलात का? वाचला असाल तर त्यात कुणाचं डोकं फिरवलं ते सांगा.

पुढचं सांभाळणं असं. दवाखान्याचं बिल ९,४०० झालं, ते मालकाने भरलं. त्यातले ६,००० माझ्या उचलीत धरले, हे मला शिमग्यानंतर हिशेबाला बसल्यावर कळलं. तांदूळ आले, खोटं बोलणार नाही, दोनदा आले. मग १०,००० रुपये आणि शंभराचा स्टॅम्पपेपर: माझी काही तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही. मी सही करायला खळखळ केली तेव्हा प्रेमाने सांगितलं, "तुका गावात रवाचा हा मां?" मी सही केली. डाव्या हाताला पट्टी होती, उजव्या हाताने सही करायला काही अडचण नव्हती.

कोकणपुत्र, १९२३ च्या कायद्याचं १७ वं कलम म्हणत होतं की असा करार, ज्यात कामगार आपला हक्क सोडून देतो, तो तेवढ्यापुरता रद्दबातल. तडजोड करायची असेल तर ती आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवायची. मृत्यूच्या बाबतीत तर वारसांच्या हातावर परस्पर रक्कम ठेवली तरी ती भरपाई दिली असं धरतच नव्हते, थोड्या आगाऊ रकमेचा अपवाद सोडून. पैसे आयुक्तांकडे भरायचे, वारसांना तिथून मिळायचे. हे असं का केलं असेल? शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही ‘सांभाळून घेणं’ ठाऊक होतं म्हणूनच ना?

आता हिशेब, कारण तुम्हाला आकडे आवडतात. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. ७,५०० चे ६० टक्के ४,५००. ३४ व्या वर्षाचा गुणांक १९९.४०. झाले ८,९७,३००. त्यातून इजेची टक्केवारी. त्या बोटाचं एक पेर हाडासकट गेलं तर ९ टक्के, हाड न जाता नुसतं टोक छाटलं गेलं तर ५ टक्के. समोरच्यांनी आणलेल्या दाखल्यात ‘टोक’ होतं. ५ टक्क्यांचे होतात ४४,८६५ आणि ९ टक्क्यांचे ८०,७५७. माझ्या बोटाच्या टोकात हाड होतं की नव्हतं यावर दोन वकील पाऊण तास बोलले, मी तिथेच उभा, बोट माझ्याजवळच. शेवटी एक्स-रे लावला. माझ्या एका पेराची किंमत मला पैशापर्यंत पाठ आहे, आणि तुम्ही मला कायदा शिकवणारा म्हणता.

८०,७५७ कुठे आणि उचलीतून ६,००० परत घेऊन दिलेले १०,००० कुठे. सांभाळणं म्हणतात ते यातल्या फरकाला.

आणि चूक कोणाची हा प्रश्नच त्या कायद्यात नव्हता, हे लोकांना अजून पटत नाही. कामगार दारू पिऊन होता, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, किंवा जाळी-कवच स्वतः जाणूनबुजून काढलं, असं मालकाने सिद्ध केलं तरच त्याची सुटका. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेवढीही पळवाट नाही. ‘तूच हात घातलास’ हे ऐकून किती जण गप्प बसलेत माझ्यासमोर. मीही बसलो होतो, जवळजवळ दोन वर्षं.

गप्प का बसलो ते तुम्हाला माहीत आहे, तुमचंच वाक्य आहे, खेडं. दोन वर्षांची मुदत संपायला दोन महिने असताना नोटीस पाठवली, रजिस्टर पोस्टाने. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं. शेरा मारणारा पोस्टमन माझा चुलतभाऊ, त्याने पाकीट माझ्या हातात देताना वर बघितलं नाही. ते पाकीट मी न फोडता ठेवलं आणि तसंच कोर्टात दिलं. पुढच्या गणपतीत आमच्या घरी आरतीला वाडीतली पाच घरं आली नाहीत. आईने मोदक जास्तीचे केले होते. असो, हे विषयांतर झालं.

राहिले तुमचे बाकीचे मुद्दे.

हजेरीपट नसतो, पुरावा कुठून आणायचा: यावर स्वतंत्र लेख लिहीन, इथे जागा नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मी मालकाच्या हस्ताक्षरातल्या उचलीच्या एका पानावर आणि एका ट्रक ड्रायव्हरच्या साक्षीवर केस लढलो. बरोबरचे दोघे बेळगावकडचे, पावसाळ्याआधी घरी गेले ते परत या खाणीवर आले नाहीत. पान माझ्याकडे कसं आलं ते लिहिणार नाही. हल्ली निदान मजुरी फोनवर जमा होते, त्याची नोंद राहते. इच्छा असली की पुरावा सापडतो.

केस लांबते: लांबते. माझा निकाल अर्ज केल्यापासून पावणेचार वर्षांनी लागला. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलं होतं, हे तुम्हाला हसू यावं म्हणून सांगतो. पण रक्कम देय झाल्यापासून एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, माझ्या रकमेवर वर्षाला ९,६९१ रुपये, ते मिळालं. ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो, तो लागला नाही. वकिलांचे पैसे, जिल्ह्याच्या फेऱ्यांचं एसटीचं भाडं आणि बुडालेले रोज वजा केले तर हातात काय राहिलं तो हिशेब माझ्याकडे आहे, तुमच्यासमोर मांडायचं कारण नाही. तोवर मी काय खाल्लं? बायको काजूच्या कारखान्यात जात होती. मला पुढे कुठल्या खाणीने घेतलं नाही, म्हणून झेरॉक्स मशीन घेतलं. जगलो.

मालक आडवा होईल: विमा काढावा. मजुरांची संख्या आणि मजुरी सांगितली की पॉलिसी मिळते. मशीनला कर्ज काढताना बँक मशीनचा विमा काढायला लावते ना? मशीनचा निघतो आणि मशीनवरच्या माणसाचा निघत नाही, यात लहान मालक-मोठा मालक काही नाही. काम ठेकेदाराला दिलं म्हणूनही सुटका नव्हती, १२ व्या कलमाखाली मूळ मालकाकडेही मागता यायचं, मग त्याने ठेकेदाराकडून वसूल करावं. यापेक्षा जास्त मला त्यांची काळजी करता येत नाही, ती करणारे तुम्ही आहातच.

तुमच्या प्रतिक्रियेखाली तिघांनी अंगठा दिलाय. त्यातल्या एकाला मी ओळखतो. दोन वर्षांपूर्वी बर्फाच्या कारखान्यात त्याच्या भावाचा पाय अडकला तेव्हा तो माझ्याच दुकानात आला होता, अर्ज टाईप करून नेला आणि दाखल केला नाही. का केला नाही ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारून बघा, तुमच्याशी बोलेल कदाचित.

एक शेवटचं. तुमची प्रतिक्रिया मी उडवली असा तुमचा दुसरा निरोप आला, तो खरा नाही. पहिल्या दिवशी रागाच्या भरात फक्त ‘एसी ऑफिसात बसून’ एवढे शब्द काढले होते. रात्री परत टाकले.