डायनासोरचं वय कमी करून हवंय?

डायनासोर अवघ्या काही हजार वर्षांपूर्वीचे आहेत असं सांगून शास्त्रज्ञांना खोटं पाडायचंच ठरवलं असेल, तर आधी डायनासोरचं एक हाड गाठा. शक्यतो जुन्या संग्रहालयातलं. पूर्वी हाडं भुगा होऊ नयेत म्हणून त्यांवर लाखेचा लेप देत. ही लाख अजिबात खरवडू नका! तुमची सगळी भिस्त तिच्यावरच आहे. जीव मेला, की त्याच्यातला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन घटत जातो आणि तो किती उरला त्यावरून वय काढतात. हाडाचा स्वतःचा कार्बन-१४ कधीच संपलेला असतो; पण नमुन्यात आजकालचा कार्बन नुसता १ टक्का मिसळला, की वय येतं साधारण ३७,००० वर्षं. लाख नसेल तर मातीतले जिवाणू आणि गवताची मुळंही चालतील.

कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, या भानगडीत पडू नका. ५०,००० वर्षांनी त्याचा चारशेवा हिस्साही उरत नाही आणि मोजणी तिथेच थकते. डायनासोर जाऊन झाली ६ कोटी ६० लाख वर्षं. पण आपण सोनाराच्या काट्यावर हत्ती चढवायचा आणि काटा मोडला, की सोनाराला चोर म्हणायचं.

गोगलगायी तोंडपाठ हव्यात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या झऱ्यांमधल्या जिवंत गोगलगायींच्या शंखांचं वय २७,००० वर्षं निघालं, १९८४ साली छापून आलंय. इथेच थांबा. त्या झऱ्यांच्या पाण्यात विरघळलेला कार्बन मुळातच जुना, तोच शंखात उतरला, आणि असे शंख मोजताना फसू नका म्हणून संशोधकांनीच ते छापलं, हे सांगत बसलात तर ऐकणारा जांभई देईल.

अहवालात '४०,००० वर्षांपेक्षा जास्त' असं आलं तर घाबरू नका. फोटो काढताना 'पेक्षा जास्त'वर अंगठा ठेवा.

एखादा चिकट माणूस भेटतोच. तो म्हणेल, डायनासोरच्या हाडाचं वय कार्बन-१४ वरून कुणी काढतच नाही. वरखालच्या लाव्हाच्या खडकात पोटॅशियमचा हळूहळू आर्गॉन वायू होतो, तो किती झाला ते मोजतात, सह्याद्रीच्या काळ्या दगडाचं वयही असंच काढलंय. वर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिजदुऱ्याला सापडलेली डायनासोरची दगड झालेली विष्ठाही काढेल. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळालेत, म्हणजे तेव्हाही गवत होतं वगैरे. त्याला बोलू द्या. दमला, की शांतपणे विचारा, "तेव्हा तुम्ही होतात का तिथे?"