जेट सोडून बोला रे कोणीतरी

माझ्या यामाहा आरएक्स १०० बाईकचा कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा कार्ब, मागच्या तोंडातून पेट्रोल फेकतोय, स्लोवर सगळ्यात जास्त, आणि ज्या मेकॅनिकला दाखवावी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट एअर स्क्रूवरच तुटून पडतो. आधी बघा तरी ना काय होतंय! कार्बच्या तोंडावरचा पॉड एअर फिल्टर चिंब, तो काढला की कार्बच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं उभं राहिलेलं दिसतं, गुडघ्यापाशी जीन्सला वास, पेट्रोल शंभरीपार आणि ते इंजिनात जायचं सोडून रस्त्यावर सांडतंय.

एक जण म्हणे ओव्हरफ्लो आहे, कार्बमध्ये पेट्रोल जास्त भरतंय, फ्लोट पिन बदल. अहो ओव्हरफ्लो असता तर गाडी बंद करून कॉक चालू ठेवला तरी खालच्या नळीतून गळलं असतं, इथे बंद गाडीत थेंब नाही. दुसरा म्हणे रिच चालतेय, पेट्रोल जास्त जातंय, मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) छोटा टाक. प्लग काळा येतो हे खरंय, पण का येतो ते विचारायचंच नाही का? पिस्टन खाली आला की क्रॅंककेसमध्ये दाब तयार होतो, त्या वेळी रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आतच जाऊ देणारी पातळ पट्ट्यांची झडप) बंद पाहिजे, तो नीट बसला नाही तर आत आलेलं मिश्रण उलटं कार्बमधून बाहेर येतं आणि येताना जेटमधून अजून पेट्रोल ओढतं, परत आत जाताना अजून, मग रिच नाही होणार तर काय. आता त्यावर मेन जेट छोटा करा, म्हणजे स्लोवर फारसा फरक नाही आणि हायवेवर फुल थ्रॉटलला लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, पिस्टन जाम. बोअरचा खर्च कोण देणार, तुम्ही?

वर एक काका म्हणतात, टू स्ट्रोक आहे, थोडं फेकणारच, आमची येझदी पण फेकायची. काका, येझदी पिस्टन पोर्टची, रीड नाही, पिस्टनच पोर्ट उघडतो-मिटतो, तिच्यात पिस्टन खाली येताना पोर्ट थोडा वेळ उघडाच राहतो म्हणून फेकायची. आरएक्सला मध्ये रीड कशासाठी दिलाय मग?

शेवटी मीच घरी कार्ब उतरवून रीड ब्लॉक काढला, मागून मोबाईलचा टॉर्च धरला तर एका पेटलच्या, म्हणजे रीडच्या पट्टीच्या, कडेने सरळ उजेड, आणि दुसऱ्याचा कोपराच गायब. हे स्टॉकचे स्टीलचे पेटल नाहीत, पोर्टिंग (सिलिंडरचे पोर्ट कोरून वाढवणं) करताना मेकॅनिकने 'रेसिंगवाले टाकतो, पिकअप बघ' म्हणून टाकलेले फायबरचे, वेगळे पैसे घेऊन. आणि जेटचा सल्ला देणारा पण हाच हं. स्वतः बसवलेला पार्ट उघडून बघायचे कष्ट नाहीत.

पेटल घेऊन गेलो, विचारलं, दादा हा कोपरा कुठे गेला? तर म्हणतो, 'गेला असेल सायलेन्सरमधून. तू एकदा जेट बदलून बघ ना.'