रिफंड बेंगळुरूत अडकतो, पण मराठी नावामुळे नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आपले आयकर रिटर्न बेंगळुरूला जातात आणि तिथे मराठी नाव दिसलं की रिफंड दाबून ठेवतात. म्हणून पॅनवर चंदगड-कोल्हापूरचा पत्ता टाका. तीन महिने उलटले तर व्याज बुडालंच समजा. नाहीतर बेंगळुरूत 'ओळख' असलेला माणूस गाठा.

पत्त्याचं आधी घेऊ. रिटर्न तपासणारं बेंगळुरूचं ते केंद्र, सीपीसी, कर्नाटक सरकारचं नव्हे, केंद्र सरकारच्या आयकर खात्याचं आहे. देशभरातले रिटर्न तिथेच प्रोसेस होतात. चंदगडच्या मास्तरांचा आणि पाटण्याच्या कारकुनाचाही. शिनोळीपलीकडचा पत्ता दिलात तरी रिटर्न बेंगळुरूलाच जाणार. उतारे कन्नडमध्ये मिळतात, पाट्यांवरून दंडेली होते, त्याविरुद्ध भांडायलाच हवं. पण त्यात हे घुसडलं तर खऱ्या तक्रारीचं वजन जातं.

नाव आड येतं खरं, पण वेगळ्या तऱ्हेने. पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, बँकेत आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, हा घोळ आपल्याकडे घरोघरी. नाव जुळलं नाही तर आयकर खात्याच्या पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट (पडताळून मंजूर) होत नाही आणि मंजूर झालेला रिफंडही जमा होत नाही. त्यात २०२० साली सिंडिकेट बँक कॅनरात गेली, कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये. आयएफएससी कोड बदलले. पोर्टलवर अजून जुनाच कोड असेल तर पैसे येणार कुठून? पॅन-आधार जोडणी राहिली असेल तरी रिफंड थांबतो. भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) न केलेला रिटर्न उशिरा भरलेला धरला जाऊ शकतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

तीन महिन्यांची मुदत कायद्यात कुठेच नाही. कलम १४३(१) प्रमाणे रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरला ते संपल्यावर ९ महिन्यांपर्यंत इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून झाल्याची सूचना, येऊ शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. ही मुदत फारच सैल आहे, आणि खात्याची बाजू घ्यायची मला हौस नाही. पण व्याज बुडत नाही. वेळेत भरलेल्या रिटर्नवर, ज्या वर्षाच्या उत्पन्नाचा तो आहे ते वर्ष संपल्यावरच्या १ एप्रिलपासून, दरमहा अर्धा टक्का मिळतं. फक्त रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर नाही. चिडायचंच असेल तर इथे चिडा: आपण कर थकवला तर दरमहा एक टक्का, त्यांनी आपले पैसे अडकवले तर अर्धा. वर मिळालेल्या व्याजावर पुन्हा कर.

राहिला 'ओळखीचा माणूस'. प्रोसेसिंग संगणकावर होतं, फाइल पुढे सरकवायला तिथे टेबल नाही. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर १५० ठिकाणी झडत्या घेतल्या त्या खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांविरुद्ध, आणि त्यात टक्केवारीवर रिफंड काढून देणारे एजंटही होते. असा माणूस कमिशन घेऊन मोकळा होतो. नोटीस येते ती तुमच्या नावावर. त्याला पासवर्ड देण्याऐवजी स्वतः लॉगिन करून स्टेटस बघा. रिफंड फेल झाला असेल तर बँक खातं दुरुस्त करून रीइश्यूची (पुन्हा पाठवण्याची) विनंती टाका, रिफंडमधून जुनी थकबाकी वळती करण्याची सूचना आली असेल तर २१ दिवसांत उत्तर द्या, आणि नुसतंच 'प्रोसेसिंग' दिसत असेल तर पोर्टलवरच ग्रीव्हन्स (तक्रार) नोंदवा.